मागची खाली जागा

उज्जैन,
२२ सप्टेंबर २०२५, घटस्थापना

सुलूबाई,

आशीर्वाद आहेतच, ते दर पत्रात नव्याने धाडायला नकोत. कानाचं यंत्र बदलूनही तुला फोनवरचं ऐकू येत नाही हे वाचून वाईट वाटलं आणि, खरं सांगू, थोडं बरंही वाटलं. ऐकू येत असतं तर तूही आमच्या चिरंजीव सौरभसारखी दर रविवारी चार मिनिटं बोलून मोकळी झाली असतीस. मग सांगलीहून मला पत्रं कोणी लिहिली असती?

घट बसवले. उषा गेल्यापासून मी सगळं अर्धंमुर्धं करतो, पण शोभा सोडत नाही. "बाबूजी, भाभीजी तो रोज की एक माला चढ़ाती थीं," म्हणून झेंडू पुढ्यात आणून ठेवते. एकवीस वर्षं ती आपल्याकडे स्वैपाकाला येते, आता घर तिचं आणि मी पाहुणा अशी स्थिती आहे. तिची तेजू, शाळेतलं नाव तेजस्विनी, चौथीत गेली. शाळा सुटल्यावर पोरीला घरी एकटी ठेवायचा शोभाला धीर होत नाही, म्हणून तीन वाजता ती माझ्याकडे येते आणि आईची कामं आटपेपर्यंत बसते. मी तिला मराठीतला 'ळ' शिकवला. तुझ्या माळी गल्लीतला ळ तिने किती फुगवलाय ते पाकिटावर बघ. पत्ता हल्ली तीच लिहिते, माझा हात थरथरतो.

आता मुख्य बातमी. बंदुकीच्या लायसनची मुदत डिसेंबरात संपते. सौरभ म्हणतो पोलीस थान्यात जमा करून टाका, आणि या वयात मला नवं कोण करून देणार? तेव्हा ठरवलंय, यंदा दसऱ्याला गच्चीवरून शेवटचा बार काढायचा. आजोबा दरबारात होते तेव्हापासूनची रीत. उषाला आवाज सोसायचा नाही म्हणून आठ-नऊ वर्षं नुसती पूजाच झाली. तू घाबरू नकोस, मागची जागा खाली आहे, तिकडेच काढीन. तेजूला सांगून ठेवलंय. ती रोज विचारते, "दादाजी, कितने ज़ोर की आवाज़ होगी?"

तुझा,
अण्णा


सांगली,
२७ सप्टेंबर २०२५

अण्णा,

नमस्कार. तुझं मराठी आता पार माळव्यात वाहून गेलं. 'मागची जागा खाली आहे' म्हणे. अरे, आपली गच्ची दुसऱ्या मजल्यावर, जागा खाली असणारच, ती वर कशी असेल? मी सूनबाईला, सायलीला, वाचून दाखवलं, तीही हसली. मग मी तिला सांगितलं की आमच्या उज्जैनकडे खाली म्हणजे रिकामी. ती म्हणाली, "मग आहे का रिकामी?"

आपल्या लहानपणी मागे नाल्यापर्यंत बाभळी होत्या. पण उषावहिनीने मागे एकदा लिहिलं होतं की तिथे घरं झालीत, आणि शोभा तिथेच राहते म्हणून पावसातसुद्धा तिचा खाडा होत नाही. ती घरं उठली का? उठली असतील तर शोभा कुठे गेली? आणि उठली नसतील तर जागा खाली कशी?

बार काढू नकोस. तुझा खांदा उशी उचलताना दुखतो, दुनळी काय उचलणार. पूजा कर, तेजूला आपट्याची पानं दे, दोघं मिळून श्रीखंड खा. सायली म्हणत होती, मी फोन करून सांगते मामांना. मीच नको म्हटलं. सूनबाईच्या तोंडून बोलणी खायला तुला आवडायचं नाही. आणि मला माझं म्हणणं तोंडाने ऐकवता येत नाही, निदान हाताने तरी माझं मलाच लिहू दे. स्पीड पोस्टाने टाकते, दसऱ्याआधी मिळेल.

सुलू


उज्जैन,
९ ऑक्टोबर २०२५

सुलू,

तुझं पत्र चार तारखेला मिळालं. मध्ये सुट्ट्या आल्या. दसरा नेहमीसारखा झाला.

एक वाईट बातमी आहे. तेजूला लागलं. दसऱ्याच्या संध्याकाळी वस्तीत कोणीतरी गोळी चालवली म्हणतात. छर्रा उजव्या दंडातून शिरून कोपराच्या सांध्याशी अडकलाय. इथल्या दवाखान्यात जमेना म्हणून इंदूरला नेलं. दोन बोटं मिटत नाहीत. शोभा तिच्यापाशी आहे.

सोमवारी बसने इंदूरला जाऊन आलो. वॉर्डाच्या दारापर्यंत गेलो, आत गेलो नाही, तेजू झोपली होती. बाहेर एक डॉक्टर मुलगी भेटली, अपूर्वा नावाची, आपल्यातलीच निघाली. ती म्हणाली, या वर्षातलं हे चौथं पोर. एक वरातीतल्या बाराने, एक छऱ्याच्या बंदुकीने, एकाच्या काकाचा गावठी कट्टा साफ करताना सुटला. म्हणाली, "चौघांपैकी एकाच्याही घरावर स्लॅब नाही, काका. घर म्हणजे एक खोली. पोरं दिवसभर बाहेरच असतात, आणि सुटलेली गोळी बाहेरच पडते." मी हो हो म्हणत राहिलो.

पोलिसांनी शोभाच्या भावाला उचललंय. त्याच्यावर जुनी मारामारीची केस आहे. कट्टा मिळाला नाही, पण नाल्यात फेकला असणार असं त्यांचं म्हणणं. अशा वस्त्यांतून हे चालायचंच.

मी डाळ-तांदूळ एकत्र शिजवतो. कुकरच्या चार शिट्ट्या करायच्या की पाच, ते विचारायला कोणी नाही. तीन वाजले की दार वाजल्यासारखं वाटतं आणि मी उठून उघडतो.

सौरभला यातलं काही कळवू नकोस.

अण्णा


सांगली,
१५ ऑक्टोबर २०२५

अण्णा,

पाकिटावरचा पत्ता तुझ्या हातचा पाहिला. पत्र उघडायच्या आधीच कळलं की त्या पोरीला काहीतरी झालंय. दोन दिवस देवापाशी दिवा लावते आहे. मी तिला पाहिलेलंही नाही, पण तिचा फुगलेला ळ मला माहीत आहे.

आता मला विचारू दे. तू नवरात्रात कोणती भाजी महाग झाली ते लिहिणारा माणूस. मग आठ-नऊ वर्षांनी काढायच्या शेवटच्या बाराचं काय झालं ते तू लिहिलंच नाहीस. काढला नसतास तर 'तुझं ऐकलं' म्हणून दोन पानं उपकार चढवले असतेस. आणि पत्र तर तुला दसऱ्यानंतर मिळालं.

दुसरं. तू 'छर्रा' लिहिलंस. मीही आबांचीच मुलगी आहे, त्यांची काडतुसं मी मोजून पेटीत ठेवायची. कट्ट्यातून गोळी सुटते, एक. तुझ्याच पत्रात एका ओळीत गोळी आहे आणि पुढच्या ओळीत छर्रा. छर्रे आपल्या बाराबोरमध्ये असतात.

आणि सौरभला कळवायचं नाही ते कशाबद्दल? शोभाच्या मुलीला लागलं यात त्याच्यापासून लपवण्यासारखं काय आहे?

अण्णा, बार तू काढलास का? हो किंवा नाही, एवढंच लिही. भाज्यांचे भाव नकोत.

सुलू


उज्जैन,
२३ ऑक्टोबर २०२५, भाऊबीज

सुलू,

सकाळी आंघोळ करून पाटावर बसलो. समोर ओवाळायला कोणी नाही हे ठाऊक असून बसलो. मग उठलो.

हो. मीच.

तू विचारलंस म्हणून सांगतोय. नसतं विचारलंस तर सांगितलं नसतं, हेही लिहून ठेवतो.

संध्याकाळी साडेपाच वाजले होते. नळीला कुंकू लावलं, माळ घातली, आबांच्या पेटीतलं काडतूस भरलं. मला वाटत होतं इतकं जुनं काडतूस फुसकं निघेल. आबा नळी सरळ आभाळाकडे धरायचे. माझा हात तेवढा उचलला गेला नाही. नळी कठड्याच्या जरा वर राहिली, खांद्यातून कळ आली आणि त्या कळेसरशी मी चाप ओढला. धूर गेल्यावर मागून आरडाओरडा ऐकू आला. मला वाटलं रावण जाळतायत. म्हणजे, मी तसं वाटून घेतलं. जिना उतरून चहा टाकला.

दुसऱ्या दिवशी हवालदार आला. बूट दाराबाहेर काढून आत आला. देवघरापाशी पाटावर बंदूक होती, माळेसकट. सुलू, त्याने तिला हात जोडले. नुसती नळी हुंगली असती तरी त्याला कळलं असतं. सोफ्यावर बसून चहा घेतला आणि विचारायचं म्हणून विचारलं, "चलाई तो नहीं ना, बाबूजी?" मी म्हणालो, "हमारे यहाँ तो बस पूजा होती है." मग म्हणाला, "भरी तो नहीं है?" मी म्हणालो, "नहीं, खाली है." त्या दिवशी मी तेवढं एकच खरं बोललो.

तो मागे गेला तेव्हा मी गच्चीवर उभा होतो. तिथे कोणी बूट काढले नाहीत. पिठाचे डबे रस्त्यावर उपडे केले. शोभाच्या भावाची गादी फाडली. तिथे पंचवीस-तीस घरं आहेत, सुलू. रोज कपडे वाळत घालताना मला दिसतात. तुला 'खाली' लिहिताना मात्र दिसली नाहीत.

थान्यात जाऊन सांगावं हे मला कळत नाही असं नाही. पण सांगितलं की शोभा येणार नाही, तेजू येणार नाही. दिवसभरात माझ्याशी बोलणारी तीच दोन माणसं आहेत. न सांगितलं तर हात बरा झाल्यावर येतीलही. भाऊ तर काय, पुराव्याशिवाय किती दिवस ठेवतील. असं मी रोज मनाला सांगतो. तुला आता माझा राग येत असेल. पण पत्र लिही.

अण्णा


सांगली,
३० ऑक्टोबर २०२५

अण्णा,

राग आलाय. पत्र लिहिते आहे, कारण तेच येतं.

आधी माझं. सायली फोन करत होती आणि मी करू दिला नाही. माझा मान, माझं अक्षर. त्या दिवशी तिने फोन केला असता तर तू बंदुकीला नुसती पानं वाहिली असतीस. बहिरेपणाचं मला कधी दुःख नव्हतं, ते आता आहे. तेव्हा माझ्याही वाट्याला त्या पोरीचा हात आलाय, तू एकटा नाहीस.

दुसरं, तुला आठवत नसेल, मला आठवतं. मी आठ वर्षांची असेन. आबांनी दसऱ्याचा बार काढला आणि दुसऱ्या दिवशी एक बाई फाटकाशी मेलेली शेळी घेऊन उभी राहिली. बाभळींच्या पलीकडे तेव्हाही चार पालं होती. आबा तिला म्हणाले, तिकडे तर खाली जागा आहे, तू तिथे करत काय होतीस? ती बाई शेळी खांद्यावर टाकून गेली. आबा वाईट नव्हते. तूही नाहीस. पण ती जागा आपल्या घराने कधीच भरलेली पाहिली नाही, दोन पिढ्या, आणि मी इथे बसून तुझ्या मराठीला हसत होते.

आता तुझं. तू म्हणतोस, सांगितलं तर शोभा येणार नाही. नाहीच येणार. तिने येऊ नये. तिचा भाऊ तुझ्या बाराची कोठडी भोगतोय आणि ती तुझ्या कुकरच्या शिट्ट्या मोजायला यावी, ही अपेक्षा मनात तरी कशी धरलीस? एकटेपण मलाही कळतं. माझ्या घरात चार माणसं आहेत आणि मला कोणाचंच धड ऐकू येत नाही. म्हणून मी कोणाच्या पोरीच्या हाताची किंमत देऊन सोबत विकत घेणार नाही.

तुझं तेवीस तारखेचं पत्र माझ्यापाशी आहे. मी ते फाडलेलं नाही. पंधरा नोव्हेंबरपर्यंत वाट बघेन. तू गेला नाहीस तर सायलीला बरोबर घेऊन मी ते उज्जैनला आणून देईन. माझ्याच भावाविरुद्ध साक्ष द्यायला मला आणू नकोस.

डाळ-तांदळाला तीन शिट्ट्या पुरतात.

सुलू


उज्जैन,
१९ नोव्हेंबर २०२५

सुलू,

सात तारखेला गेलो. बंदूक घरातच ठेवली, काडतुसाची रिकामी नळी खिशात घेतली. हवालदार तोच होता. त्याने खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि मी सांगितल्यावर कितीतरी वेळ पेन उचललंच नाही. त्याच्या साहेबांनी मला आत बोलावलं. "बाबूजी, उम्र देखिए अपनी. वो लड़का तो दो-तीन महीने में वैसे भी छूट जाएगा." दार उघडं ठेवून माणसाला जा म्हणावं तसं ते बोलत होते. मी खोटं सांगणार नाही, उठावंसं वाटलं. मग म्हणालो, लिहून घ्या.

मुन्शीने वाचून दाखवलं, 'खाली स्थान की ओर हवाई फायर'. मी म्हणालो, हे खोडा. लिहा, मागे लोक राहतात, मला माहीत होतं, नळी खाली होती. त्याने दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा लिहिलं. मी सही केली.

सगळ्यात वाईट पुढेच आहे. हवालदार मला बाहेर सोडायला आला आणि सहज बोलल्यासारखं म्हणाला, "वो छोरी तो पहले ही दिन बोल रही थी, दादाजी ने चलाई. हमने सोचा दवाई के नशे में है." कोणी लिहून घेतलं नव्हतं. तिने सांगितलं होतं, सुलू, पहिल्याच दिवशी. आणि मी महिनाभर मला कोणी पाहिलं नाही या भरवशावर जेवत होतो.

केस झाली. जामीन मिळाला, त्यासाठी सौरभ विमानाने आला. दोन दिवस राहिला, बंगलोरला चला असं या खेपेला म्हणाला नाही. बंदूक जप्त झाली. कॉलनीत लोक नमस्कार करतात, थांबत नाहीत. शोभाचा भाऊ गेल्या गुरुवारी सुटून आला.

काल मी मागे गेलो. आपल्या मागच्या दारापासून एकशेबारा पावलं आहेत, एकवीस वर्षांत एकदाही चाललो नव्हतो. शोभा नळावर होती. तिने पदर नीट केला, बसा म्हटलं नाही. मी जे सांगायचं ते सांगितलं. म्हातारा रडला की लोक पाणी देतात. तिने दिलं नाही आणि ते बरोबरच केलं. म्हणाली, "मुझे मालूम था, बाबूजी. तेजू ने बता दिया था. पर मैं बोलती तो कौन सुनता? मैं रोज़ सोचती थी, आज आएँगे." आणि बादली उचलून आत गेली. ती आता फ्रीगंजमध्ये दुसऱ्या घरी स्वैपाकाला जाते असं शेजारच्या बाईने सांगितलं.

तेजू दारात बाजेवर बसली होती. हात झोळीत. डाव्या हाताने वहीत काहीतरी काढत होती. मामाने तिला आत चल म्हटलं, ती उठली नाही. मी तिच्यापासून दोन हातांवर उभा राहिलो. माफी मागितली, नऊ वर्षांच्या पोरीची कशी मागतात ते मला येत नाही, जशी आली तशी. ती ऐकत होती की नाही कळेना. मग तिने वर पाहिलं आणि आपलंच काहीतरी विचारलं. रोज तीन वाजता विचारायची तशाच आवाजात.

"दादाजी, आपने मुझे देखा था? मैंने हाथ हिलाया था."

बार बघायला ती बाहेर आली होती. मीच बोलावलं होतं. उजवा हात वर केला होता तिने, मला दिसावा म्हणून.

मी म्हणालो, "नहीं बेटा, नहीं देखा."

तिला राग आला नव्हता, सुलू, तिला खरंच समजत नव्हतं.

"पर मैं तो सामने ही खड़ी थी," ती म्हणाली.

अण्णा